पूर्ण उपस्थितीत घेतलेली मापे

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले ते अज्ञानामुळे घडले, असा तुमचा गैरसमज होऊ नये. ते सर्वस्वी ज्ञानामुळे घडले. चहा घ्या, आणि हसायचे ते शेवटी हसा.

ब्रह्मपुरीहून पदवी घेऊन मी चामोर्शी तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत मानधनावर रुजू झालो होतो. पहिली-दुसरीच्या मुलांचे गणवेश गावातच शिवायचे ठरले. शिवणार होत्या गिरजाबाई. शाळेची खिचडी त्याच शिजवत आणि उरलेल्या वेळात घरी शिलाई मशीन चालवत.

आदल्या वर्षीचे गणवेश मी पाहिले होते. बाह्या कोपराखाली, हाफ पँट पोटरीपर्यंत, आणि कमरेला नाडीने आवळलेल्या चुण्याच चुण्या. मुलांनी कपडे घातले आहेत की कपड्यांनी मुले, हे लांबून सांगणे कठीण होते.

"गिरजाबाई, तुम्ही माप कसे घेता?"

"माप कायले घ्या लागते सर? पोट्ट्याले पाह्यलं का समजते. दोन बोटं ढिलं ठेवतो, नाडी टाकतो. वर्षभर वाढते ना थो."

दोन बोटे! कुणाची बोटे? मी त्यांना नम्रपणे सांगितले की या वर्षी मापे मी घेईन, आणि पँटला नाडी नको, हूक हवा. नाडी म्हणजे मापावरचा अविश्वास.

यात माझी एक भावनिक बाजूही होती. दुसरीतला प्रेम. त्याचे वडील गावच्या तलावात मासेमारी करत. आदल्या वर्षी गणवेश वाटून झाल्यावर तो शाळेत आला होता, त्यामुळे तेव्हापासून प्रेमने थोरल्या भावाचेच उतरलेले कपडे घातले होते. पंधरा ऑगस्टचे भाषण मी त्याला दिले, तेव्हा त्याने भाषणाबद्दल काही विचारले नाही. विचारले ते एवढेच, "सर, ड्रेस माह्याच मापाचा राहीन ना? दादाच्या नाई ना?"

"तुझ्याच मापाचा. अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक पडणार नाही," मी म्हणालो. मी दिलेला शब्द मोजून दिलेला असतो.

आता अडचण अशी, की ते रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. आईबाप धानाच्या बांधीवर. मुले सकाळी तोंड दाखवत, मग आईच्या मागे पसार होत, आणि खिचडीच्या वासासरशी पुन्हा शाळेत उगवत. अपुऱ्या उपस्थितीत घेतलेली मापे मला मान्य नव्हती. म्हणून मी शास्त्रशुद्ध निर्णय घेतला. सर्व मुले हमखास हजर असतात ती वेळ निवडायची. जेवण संपले, की ताबडतोब.

"आता घेता का माप?" पातेले घासता घासता गिरजाबाईंनी विचारले. "सकाळी घ्या ना सर."

"सकाळी निम्मी मुले नसतात."

"पण सर, आत्ताच थे..."

"बाई, पूर्ण उपस्थिती महत्त्वाची असते."

"बरं बापा. तुमी शिकलेले," असे म्हणून त्या पुन्हा पातेल्याकडे वळल्या. त्यांचा शास्त्रावर विश्वास नाही, अशी मी मनात नोंद केली.

प्रत्येक मुलाचे माप मी तीन वेळा घेतले आणि सरासरी काढली. मुले तृप्त होती, ढेकर देत होती, गुदगुल्यांनी हसत होती. शेवटी मी स्वतःचेही माप घेतले, तेही तीन वेळा. झेंडावंदनाला आपलीही पँट नवी असावी, एवढीच माफक इच्छा. खिचडी आधी शिक्षकाने चाखून पाहायची असते. त्या दिवशी मी ती दोन ताटे चाखली होती.

पंधरा ऑगस्ट उजाडला. कपडे आदल्या संध्याकाळीच वाटले होते. नवा गणवेश घालायच्या घाईत एकाही मुलाने सकाळी घास खाल्ला नव्हता. प्रभातफेरी निघाली, तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रत्येक मुलाच्या उजव्या हातात झेंडा आहे आणि डावा हात कमरेवर आहे. सगळ्यांचा, एका रांगेत! मुलींच्या पिनो फ्रॉकला खांद्यावरून पट्टे होते, त्या मोकळ्या हाताने चालत होत्या. मुलांची ही शिस्त बहुधा मुख्याध्यापकांनी शिकवली असावी, असा मी निष्कर्ष काढला.

झेंडा फडकला. मग प्रेमचे नाव पुकारले. त्याचे वडील जाळे तसेच ठेवून, ओल्या पायांनी येऊन मागे उभे होते.

भाषणातले हातवारे मी बसवले होते. 'आपला तिरंगा उंच आकाशात' या शब्दांवर दोन्ही हात वर. प्रेम तिथवर आला आणि थांबला. डावा हात कमरेवरच.

"हात," मी कुजबुजलो.

त्याने माझ्याकडे पाहिले. माईकसमोरच, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "सर, हात वर करू का पँट धरू?"

मला त्या क्षणी बसवलेल्या हातवाऱ्यांपलीकडे काही दिसत नव्हते. मी म्हणालो, "दोन्ही हात!"

गुणी मुलगा. त्याने दोन्ही हात वर केले.

पँट घोट्यापर्यंत गेली. पण आत दुसरी हाफ पँट होती. थोरल्या भावाची, जुनी, नाडीची, घट्ट बांधलेली. सावध आईने ती आतून घालून पाठवली होती. संख्याशास्त्र न शिकताच. प्रेमने खाली पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हात वरच ठेवून भाषण पूर्ण केले. एक शब्द चुकला नाही. त्याच्या वडिलांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की आधी हसणारे लोकही टाळ्या वाजवू लागले.

गिरजाबाई पुढे आल्या. ओटीतून त्यांनी कमरेला बांधायच्या काळ्या करदोड्यांचा झुबकाच काढला आणि भराभर एकेका मुलाच्या पँटीवरून बांधायला सुरुवात केली.

"तुम्हाला माहीत होते?" मी विचारले.

"सांगत होतो ना सर. खिचडी खाल्ल्यावर पोट्ट्याचं पोट ढोलकीवानी होते. सकाळी मंग पाठीले लागते. तुमी म्हणे उपस्थिती पायजे."

प्रेम करदोडा बांधून माझ्यापाशी आला. मी त्याची क्षमा मागणार, तोच तो म्हणाला, "सर, ड्रेस माह्याच मापाचा हाये. जेवल्यावर बरोब्बर बसन."

तेवढ्यात सरपंचबाई माईकवर आल्या. "पोट्टेहो, सावधान कसं उभं राहाचं थे या नव्या सरांपासून शिका. सकाळपासून पाहून राह्यली मी. दोन्ही हात मांडीले चिकटून, जरा बी हालले नाई."

टाळ्या झाल्या. गिरजाबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या, पदर तोंडाला लावला आणि शेवटचा उरलेला करदोडा पुढे केला.

"घ्या सर. लांबच आणला व्होता. तुमाले त्या दिवशी दोनदा वाढली व्होती मी."

तो निमूटपणे घेणे, हा एकच सुज्ञ मार्ग होता. अडचण एवढीच होती, की मला हात पुढे करता येत नव्हता.