चेंडू दूर असताना

कात्री ठेवताना ती टोकं भिंतीकडे करून ठेवायची. खडू कानामागे खोचायची आणि मग टेबलभर शोधत बसायची. चहा पार निवला की प्यायची. कुणी तिच्यासमोर खोटं बोललं तर खिडकीबाहेर बघायची, बोलणाऱ्याला अवघडायला नको म्हणून. रविवारी मैदानावर सामना बघायला गेली की सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची आणि चेंडूकडे बघायचीच नाही.

"वहिनी, चेंडू तिकडे आहे," नणंद दर वेळी सांगायची.

"असू दे. तो काय पळून जातोय."

फुटबॉलचा नाद तिला नवऱ्यामुळे लागला होता. नवरा गेला, नाद राहिला. नणंद आणि ती एकाच घरात राहायच्या, एकाच शिवणकामाच्या कारखान्यात जायच्या. नणंद मशीनवर, ती कापड कापायला. नणंद वहिनी म्हणायची म्हणून सगळा कारखाना तिला वहिनी म्हणायचा. तिच्याहून थोरल्या बायकासुद्धा.

टीव्हीवरचा सामना तिला नको असायचा. तिथे कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि आपल्यालाही फरफटत नेतो. मैदानावर डोळे आपले आपल्याकडे राहतात. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना, कुणाचंही लक्ष नसताना, कप्तान काय करतो ते तिला बघायचं असायचं. वरून खेळाडू बोटाएवढे दिसायचे. लाथ आधी दिसायची, आवाज मागून यायचा. त्या मधल्या क्षणात सगळं मैदान पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. हिरवं, मऊ, निःशब्द. ती तिथेच कुठेतरी तरंगत राहायची.

कापणी विभागाचे थोरले मास्तर निवृत्त झाले आणि मालकीणबाईंनी त्यांच्या जागी तिला नेमलं. थोडे दिवस बघू, नाही जमलं तर बाहेरून माणूस आणू, असंही वर सांगितलं. ही जागा तिला मनापासून हवी होती. तिने तसं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

थोरले मास्तर हात मागे बांधून फिरायचे. आधी खाकरायचे, मग बोलायचे. चूक कुणाचीही असो, उताराच्या पाण्यासारखी ती खाली खाली जायची आणि सगळ्यात शेवटच्या माणसापाशी साचायची. दुसऱ्या दिवसापासून तिचेही हात मागे गेले. ती खाकरू लागली.

"घशात मास्तर अडकलेत का गं?" नणंदेने घरी विचारलं.

प्रमुखाला प्रमुखासारखं राहावं लागतं, असं काहीतरी ती म्हणाली. कारखान्यात बायका आता तिला मॅडम म्हणायच्या. ती आत आली की चाललेलं हसणं जागच्या जागी विझायचं.

मग बँडवाल्यांच्या कोटांचं काम आलं. कापड एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने मंद. कापण्याआधी टेबलावर पसरताना अशा कापडाचा एक थर सुलटा, एक उलटा लावायचा असतो. म्हणजे एकाच कापणीत अर्ध्या बाह्या डाव्या निघतात, अर्ध्या उजव्या. थर लावणारी बाई कामाला चोख, पण संथ. शनिवारी वहिनी तिच्यावर मास्तरांच्या आवाजात खेकसली आणि तिला घरी पाठवून दिलं. बाकीच्या आधीच गेल्या होत्या. मग तिने स्वतः थर लावले आणि रागारागाने कापत सुटली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ऊन विरघळत चाललं होतं. निळ्या संघाचा कप्तान सारखे हात नाचवत होता, टीव्हीत बघितलेले सगळे आविर्भाव करत होता. एकही जण वळून त्याच्याकडे बघत नव्हता. समोरच्या संघाचा कप्तान जाडसर, एक मोजा घसरलेला. त्याच्याच पायाला लागून चेंडू त्याच्याच जाळीत गेला. आवाज सावकाश वर आला. त्याने आपल्या पोरांकडे बघून एक हात वर केला, मोजा ओढून घेतला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. जाता जाता एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसरा काहीतरी बोलला आणि कप्तान चक्क हसला.



सोमवारी नणंदेने एक बाही जोडली, दुसरी शोधली, मग सगळा गठ्ठा उलथापालथा केला.

"सगळ्या डाव्याच आहेत," ती म्हणाली.

मशीन एकेक करत थांबल्या. मालकीणबाई आल्या. थर कुणी लावले, त्यांनी विचारलं. सगळ्या नजरा थर लावणारीकडे वळल्या. खरं काय ते तिला ठाऊक होतं. तरी तिने मान खाली घातली. चूक आपल्यापाशीच येऊन थांबते, याची तिला सवय होती. उद्यापासून हिने यायचं नाही, असं सांगून मालकीणबाई वळल्यासुद्धा.

वहिनीला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी जागा टिकत होती. वहिनीने मागचे हात पुढे घेतले. एक हात आपसूक वर जाऊ लागला, त्या जाड्या कप्तानाचा जावा तसा. अर्ध्यावर तिची तिलाच लाज वाटली. हाही हात उसनाच. तिने तो खाली घेतला. मग जो आवाज आला तो बारीक होता, थोडा चिरकाही.

"थर मी लावले, सगळे सुलटेच. हिला मीच घरी पाठवलं होतं. चूक माझी आहे. आणि आता काय करायचं ते मला सुचत नाहीये."

"मग प्रमुख कशाला केलं तुम्हाला?"

"ते तुम्ही ठरवा. पण आधी कोटांचं बघू."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. उरलेल्या तुकड्यांतून उजव्या बाह्या निघतील का, अशी कुजबुज सुरू झाली. निघतील, पण जोड द्यावा लागेल. जोड काखेत घ्या, एक म्हणाली. बासरीवाल्याने हात वर केला तर, दुसरीने विचारलं. त्याची बासरी ऐका म्हणावं, काखा कसल्या बघता, तिसरीने ऐकवलं. मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. थर लावणारी टेबलापाशी आली, तुकडे जुळवू लागली.

"वहिनी," ती म्हणाली, "इकडून धरा जरा."

कोट वेळेत गेले. बाहेरून माणूस आलाच नाही.

थोरल्या मास्तरांचे पुठ्ठ्याचे साचे अजून वापरात होते. त्यांवर कापलेल्या कोटांचे खांदे कुणालाच नीट बसत नसत. इतकी वर्षं ती दर कोटाला खडूने गुपचूप सांभाळून घेत आली होती. आता तिने स्वतःचे साचे करायला घेतले, थर लावणारीला शेजारी बसवून. पुढचा भाग झाला. पाठ झाली. बाही, खिसा झाला.

मग एका सकाळी वहिनी झोपेतून उठलीच नाही. इतकंच.

कॉलरचा साचा राहिला. पुठ्ठ्यावर पूर्ण रेघ आखलेली आहे. कात्री निम्म्यापर्यंत येऊन थांबली आहे. थर लावणारीने तो तसाच खिळ्याला अडकवलाय, न कापलेल्या पुठ्ठ्यासकट. कॉलर सध्या मास्तरांच्याच साच्यावर कापतात.