पंच्याखालचं लष्कर

आधीच सांगतो, मी कंपाउंडर होतो. थेंब मोजून औषध देणारा माणूस. भूत, भानामती, देवाचं अंगात येणं... असले रोगी दवाखान्यात आले की मी त्यांना क्विनाईन नाहीतर ब्रोमाईड द्यायचो, आणि बहुतेक बरे व्हायचे. त्यामुळे खालची हकीकत लिहायला मला इतकी वर्षं लागली. ज्याने जे समजायचं ते समजावं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला तीन-साडेतीन वर्षं झाली होती, पहिल्या निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या. माझी नेमणूक बिदरला होती. शहरालगतच्या नौबादला इमामसाब जमादारांच्या घरी मी खोली घेतली होती. जमादार निजामाच्या फौजेतले. फौज मोडली आणि हे घरी बसले. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची बायको, हलीमाखाला. मी भालकीचा लिंगायत, त्यांच्याकडचं खाणार नाही हे ओळखून खालाने पहिल्याच दिवशी मला वेगळी चूल मांडून दिली होती.

रविवारी दवाखाना बारालाच बंद व्हायचा. जेवण झालं की जमादार ओसरीवर खडूने घरं आखायचे आणि आम्ही ‘लष्कर’ खेळायचो. हा खेळ तुम्हाला कुठल्या दुकानात मिळणार नाही. जमादार आणि त्यांचा बराकीतला दोस्त, धोंडीबा, यांनी तो रिकाम्या वेळात बनवला होता. सुपारी म्हणजे हत्ती, चिंचोका म्हणजे तोफ, हरभरा म्हणजे घोडा, तुरीचा दाणा म्हणजे प्यादा. हत्तीची किंमत पाच, तोफेची चार, घोड्याची दोन, प्याद्याची एक. प्रत्येकाने वीसच्या आत आपलं लष्कर निवडायचं, पंच्याखाली झाकून मांडायचं, आणि दोघांनी एकदम पंचा ओढायचा.

खरा खेळ तिथेच, निवडण्यात. मी पोरासारखा हत्तींवर भाळायचो. जमादार हसायचे. “शिवप्पा, हत्ती दिखने को अच्छा है. पन उसके बाजू में प्यादे नहीं तो हत्ती गया समझो. तोफ को भी रखवाली लगती. कौन किसके साथ खडा है, वो देख.”

तीन महिने मी दर रविवारी हरत होतो.

तो रविवार चैत्रातला. ऊन रणरणतं होतं, खाला आत ज्वारी निवडत होती. मी पंच्याखाली दोन हत्ती, दोन तोफा आणि दोन प्यादे मांडले. दहा, आठ, दोन... वीस. मोजून मांडले, कारण मोजणं हाच माझा धंदा. पंचा ओढला.

खाली तीन घोडे आणि चौदा प्यादे.

मी मोहऱ्यांची पिशवी उलटी केली. सुपाऱ्या पिशवीत, चिंचोके पिशवीत. आपणच चुकीचं मांडलं असेल, ऊन लागलं असेल, असं म्हणून मी गप्प बसलो. काय मांडलं होतं ते जमादारांना सांगितलंही नाही. वर बघितलं तर त्यांचा चेहरा उतरला होता.

“ये तेरे को कौन सिखाया?”

“कुणी नाही. कामून?”

“खेल,” एवढंच म्हणाले.

आणि मी खेळलो. माझा हात एकेक प्यादा एकमेकाला चिकटवून पुढे सरकवत होता, घोडे मागे राखून. कुठे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण हात थांबत नव्हता. जमादारांच्या तोफा एकामागून एक पडल्या. मी जिंकलो. आनंद वगैरे काही झाला नाही.

जमादारांनी तुरीचा एक दाणा उचलून पाहिला. मग आत वळून म्हणाले, “हलीमा, ये धोंडू का लष्कर है. या तो वो मर गया, या बुला रहा है.”

 आतला ज्वारी निवडण्याचा आवाज थांबला.

त्यामागची गोष्ट मला त्या संध्याकाळी कळली. ॲक्शनच्या धामधुमीत मुसलमानांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा जीव वाचवायला जमादार बायकोला घेऊन धोंडीबाच्या गावी, कडगंचीला गेले होते. दार वाजवलं, हाका मारल्या. दार उघडलं नाही. दोघांनी दोन दिवस जोंधळ्याच्या उभ्या पिकात काढले. धोंडीबा गावात नसेल, असं जमादार तेव्हापासून स्वतःला सांगत आले होते. खाला काहीच म्हणत नव्हती.

पुढच्या शनिवारी मी रजा टाकली आणि जमादारांबरोबर निघालो. बिदरहून गुलबर्गा, तिथून आळंदची बस. खालाही आली. कडगंचीला उतरलो तर धोंडीबा अंगणात बसून दावं वळत होता. जिवंत, धडधाकट. जमादारांना बघून उठला, पण पुढे आला नाही.

“आलास व्हय,” म्हणाला.

पाणी झालं.  मग धोंडीबाच सुरू झाला, जमिनीकडे बघत. “मी एकटाच खेळतो रे. ह्या हातानं एक लष्कर, त्या हातानं दुसरं. मागच्या ऐतवारी जेवून उठलो, पंचा वडला... तर खाली दोन हत्ती, दोन तोफा, दोन प्यादे! मी जन्मात हत्ती घेतला न्हाई, इमाम. तुला ठाऊक हाय.”

 ते लष्कर माझं होतं. ते फक्त मला माहीत होतं. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी बोलणार, तेवढ्यात धोंडीबा म्हणाला, “तवापासून झोप न्हाई. इमाम, त्या दिवशी मी घरात व्हतो. कडी लावून दाराला पाठ टेकून बसलो व्हतो. तुझी हाक ऐकली. भ्यालो.”

 उत्तर दिलं खालाने, तेही मराठीत. “मला माहीत होतं अण्णा. दाराच्या फटीतून तुझं धोतर दिसत होतं. यांना मी सांगितलं नाही.”

जमादारांनी बायकोकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच बघावं तसं. धोंडीबा रडत होता. गळाभेट वगैरे झाली नाही. जमादार उठून बाहेर बाभळीखाली गेले. परत आले तेव्हा म्हणाले, “भूक लगी है,” आणि धोंडीबाची बायको चुलीकडे धावली. त्या घरची भाकरी त्यांनी खाल्ली. त्यानंतर ते वर्षातून दोनदा जात राहिले, शेवटपर्यंत.

मी किती वेळा हिशोब लावून पाहिला. नजरचूक म्हणावी तर कडगंचीच्या पंच्याखाली माझी नजर कशी जाईल? योगायोग म्हणावा तर सहाच्या सहा मोहरे जुळले, तोच वार, तीच वेळ.  

पण एक प्रश्न त्याहून जास्त छळतो. जमादारांकडे खेळायला गल्लीतले चार जण यायचे. मग माझाच हात का?

ॲक्शनच्या त्या आठवड्यात आम्ही भालकीला घरीच होतो. एका दुपारी आमचंही दार वाजलं होतं. बाईमाणसाचा आवाज होता. वडिलांनी बोटाने गप्प राहायची खूण केली आणि मी, बावीस वर्षांचा बाप्या, गप्प राहिलो. कोण होती, पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. हे मी धोंडीबाच्या अंगणात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.