बंदर कुठंय?

गावी गेलो की आता मी लॉजवर उतरतो. आमचं घर विकलं गेल्यापासून दुसरी सोय उरलेली नाही. परवा संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो होतो. समोर पाण्यात पर्यटकांच्या स्कूटर घोंघावत होत्या. आठेक वर्षांची एक मुलगी सुरूच्या प्रत्येक झाडाकडे मान वर करून पाहत होती.

“काय शोधतेस गं?” मी विचारलं.

“बंदर! पाटीवर लिहिलंय ना, बंदर रस्ता. पण एकही माकड दिसत नाहीये.”

मी तिला सांगितलं, बंदर म्हणजे बोटी लागायची जागा. इथं कौलं भरलेली गलबतं यायची. आगबोटीचा भोंगा झाला की आमचा अख्खा वर्ग धक्क्यावर धावायचा. तिनं समजूतदारपणे सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे माकडं नाहीतच?”

“नाहीत गं.”

ती हिरमुसून आईकडे पळाली. मला मात्र हसू आवरेना. हे आत्ताच्या आत्ता दत्तूला सांगायला हवं, म्हणून मी उठलोसुद्धा. दत्तू माझा शाळासोबती. त्याच्या अंगणापर्यंत गेलो आणि तिथं आठवलं, की दत्तू आता नाही.

रडायला परका माणूसही चालतो. हसायला मात्र ते बंदर पाहिलेलं कुणीतरी लागतं.

दत्तूच्या घराचं आता होमस्टे झालं आहे. ओटीवरून एका तरुणानं आपुलकीनं विचारलं, “काका, रूम बघताय का?”

“नाही,” मी म्हणालो. “सहज आलो होतो.”