कास्मिरचा नवा माणूस

माझ्या बहिणीचा नवरा कास्मिर लहानपणी वसईहून कॅनडातल्या विंडसरला आला आणि इथल्या फुटबॉलच्या नादी लागला. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालायचं, लांबोळका चेंडू काखेत मारायचा आणि एकमेकांच्या अंगावर जायचं. मला तो आजतागायत कळलेला नाही. कास्मिर मात्र एका लहानशा विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

त्याचं एक कायमचं दुखणं होतं. त्याच्या हाताखाली साहाय्यक तयार व्हायचे आणि व्यावसायिक संघ त्यांना उचलून न्यायचे. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. हा पठ्ठ्या स्वतःच त्या संघांना फोन करायचा, "माझ्याकडे एक चांगला मुलगा आहे, बघता का?" मला त्याचा राग यायचा, आणि तितकाच अभिमानही वाटायचा.

फ्रेडी लोपीसची गोष्ट मात्र वेगळी होती. फ्रेडी आपल्याच वसईकरांचा मुलगा, कास्मिरचा साहाय्यक म्हणून संघाची बचावफळी सांभाळायचा. कास्मिरचे गुडघे कामातून गेले होते. "पुढच्या सीझनला संघ फ्रेडीकडे, मी घरी. मग अख्खा हिवाळा आपण वसईला," असा शब्द त्याने माझ्या बहिणीला, रोझमेरीला दिला होता. तिकडे आमची आई थकत चालली होती.

२०११ च्या फेब्रुवारीत फ्रेडीला पश्चिमेकडच्या एका व्यावसायिक संघाचं बोलावणं आलं. तो थेट कास्मिरच्या घरी आला. मी इथल्याच केंब्रिजहून गेलो होतो, आम्ही बेसमेंटमध्ये कॉफी पीत होतो.

"कोच, आय'म नॉट गोइंग. तुम्हाला असं सोडून कसा जाऊ?"

"राहून करणार काय?" कास्मिर शांतपणे म्हणाला. "तुझी जागा मी दिली. नवा माणूस घेतलाय."

फ्रेडीचा चेहरा पडला. "मला न विचारता?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

"कोण हा नवा माणूस?" मी विचारलं.

"कुणी नाही. पण हे कळलं तर तो जायचा नाही."

रोझमेरीने जिन्यातून सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. एकटीच वसईला जाऊन आली. फ्रेडी गेला तो रागातच गेला, नंतर त्याचा एक फोन नाही. कास्मिरला ते फार लागलं होतं, पण खरं सांगायला तो तयार नव्हता.

ऑक्टोबरात इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी विंडसरला होतो. रोझमेरीने मैदानावर नवऱ्यासाठी घडीची खुर्ची नेली होती. तिच्यावर तो काही बसत नव्हता. गुडघ्यांना पट्टे बांधून लंगडत एकटाच सगळ्या पोरांवर ओरडत फिरत होता. तेवढ्यात कुंपणाशी फ्रेडी दिसला. त्याच्या संघाला आठवडाभर सुट्टी होती. तो बराच वेळ नुसता बघत राहिला, मग आत आला.

"कोच, नवा माणूस कुठेय?"

"वॉशरूमला गेलाय," कास्मिर म्हणाला.

"फेब्रुवारीपासून गेलाय रे बाबा," रोझमेरी म्हणाली. "अजून आलेला नाही."

फ्रेडीचे डोळे भरून आले. आपल्या नव्या संघाचं जाकीट काढून त्याने रोझमेरीच्या हातात दिलं आणि कास्मिरच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

"अरे, येईल तो आत्ता," कास्मिर पुटपुटला.

"तो येईपर्यंत मी बघतो," फ्रेडी म्हणाला. "तुम्ही बसा."

आणि कास्मिर बसला.