नवापूरची दगडी होडी

मी दगडावरून हात फिरवला आणि होडीची डोलकाठी माझ्या तळहातावर आली.

डोलकाठी म्हणजे शिडाचा खांब. दगडात कोरलेला, वीतभर उंच, शंभरावर वर्षं उभा असलेला. तळहातावर आला तेव्हा त्याचं पिवळसर पीठ झालं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. साक्षीदार एकच, भिंतीवरचा कावळा. त्यानेही मान फिरवली. मी खिशातून सरकारी पाकीट काढलं, पीठ त्यात भरलं आणि वर लिहिलं, 'डोलकाठी, मधली.' कुठलाही अवशेष टाकून द्यायचा नाही, हा संवर्धन सहायकाचा पहिला नियम. मी संवर्धन सहायक होतो. जुन्या वास्तू आणि जुने दगड टिकवणं हे माझं काम. आणि या दगडाची वाट लावणारा माणूस मीच होतो. आठ महिन्यांपूर्वी, रीतसर मंजुरी घेऊन.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोईसरजवळच्या नवापूरला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक लहानसं चर्च होतं. स्कॉटलंडच्या दर्यावर्दी लोकांनी बांधलेलं. प्रार्थना बंद पडून जमाना झाला होता. भिंती आपल्याच काळ्या दगडाच्या. त्यांची मला काळजी नव्हती. समुद्र आटला असता, पण त्या हलल्या नसत्या. काळजी होती आवारातल्या एका थडग्याच्या उभ्या दगडाची. हा दगड स्कॉटलंडहून आला होता, जहाजाच्या तळात, वजन म्हणून. जहाज अर्धं रिकामं असलं की ते डुलू नये म्हणून तळाशी दगड भरत. परतताना दगड उतरवून माल भरत. त्यातलाच एक दगड इथे मरण पावलेल्या एका जहाजी सुताराच्या उशाशी उभा राहिला.

स्कॉटलंडच्या लोकांची एक चांगली पद्धत होती. थडग्यावर माणसाचा धंदा कोरायचा. शिंप्याच्या दगडावर कात्री, शेतकऱ्याच्या दगडावर नांगर. या सुतारासाठी तीन डोलकाठ्यांचं जहाज, लाकूड तासायचा एक वाकस, वाळूचं घड्याळ, आणि तळाशी कवटी नि दोन हाडं. वाचणाऱ्या, तुझीही वेळ भरत आली आहे, असा त्याचा अर्थ. आमच्या ऑफिसच्या जुन्या नोंदवहीत एवढं सगळं लिहिलेलं होतं. अशा कोरीवकामाचा दगड आमच्या अख्ख्या विभागात हा एकच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र यातलं काहीच दिसत नव्हतं. आवारात एक पांढरी ढेप उभी होती. चादर पांघरून म्हैस उभी असावी अशी. आणि वास! वाणगाव स्टेशनावर गाडीतून उतरतानाच मला तो आला होता, असं मी घरी सांगतो. बायकोला ते पटत नाही. पण त्या दिवशीचा शर्ट तिने स्वतः जाळला होता, तेव्हा तिने बोलू नये.

ढेपेसमोर एक म्हातारा उकिडवा बसला होता. हातात काथ्याचा कुंचा, बाजूला मातीचं भांडं. धर्मा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. गावातल्या निम्म्या होड्या त्याच्या शब्दाने पाण्यात जात.

"काय लावताय?" मी विचारलं.

"चुना नि मुशीच्या कलेजीचं तेल." मुशी म्हणजे छोटा शार्क मासा.

"दगडाला?"

"होडी हाय ना तिच्यावर."

"दगडाची होडी आहे."

"होडी ती होडी, सायेब. लाकडाची असो का दगडाची. चुना-तेल नाय लावलं तर किडा खाईल."

"दगडाला किडा लागत नाही."

"तुमी आतून बघितलाय दगड?"

मी पदवीधर माणूस. दगड आतून पाहिलेला नव्हता.

रिवाज असा होता. पावसाळा सरत आला, नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या बुडाला चुना-तेल लावायचं. शेवटच्या होडीनंतर भांड्याच्या तळाला जे उरेल ते या दगडी होडीला. तिला वगळलं तर बाकीच्या होड्या रुसतात. धर्माच्या बापाने लावलं, आज्याने लावलं. त्या सुताराने म्हणे आज्याच्या आज्याची फुटलेली होडी सांधून दिली होती.

मी रिपोर्ट पाठवला. वरून आमचे कारखानीस साहेब स्वतः आले. रुमाल नाकावरून न काढता त्यांनी आवाराला एक फेरी मारली.

"हे काय आहे?"

"श्रद्धा आहे, साहेब."

"हा घाणेरडा थर आहे. काढून टाका. आणि बोर्ड लावा."

मी काढला. आमच्या कामात तारेचा ब्रश वापरत नाहीत. बांबूच्या पट्ट्या, पाणी आणि लगदा. लगदा म्हणजे कागद आणि माती भिजवून दगडाला लावायचा लेप. तो सुकताना घाण शोषून घेतो. मी सत्तावीस दिवस खरवडत होतो. एकशे अठरा थर मोजले. एकशे एकोणिसावा मोजताना शिंक आली आणि हिशेब चुकला. गावातली सगळी मांजरं रोज दहाला हजर असायची, पाचला घरी जायची. आमच्या ऑफिसात अशी हजेरी कुणाची नव्हती.

अठ्ठाविसाव्या दिवशी होडी बाहेर आली. काय सांगू! शिडांच्या दोऱ्यासुद्धा मोजता येत होत्या. वाकसाच्या दांड्यावर लाकडाच्या रेषा होत्या. कवटीचे दात पूर्ण होते, माझ्यापेक्षा दोन जास्त. जवळच्या कुंभवलीच्या रसायन कारखान्यांतले कामगार सायकली थांबवून बघायचे. त्यांनी कवटी आणि हाडं फक्त कारखान्याच्या ड्रमांवर पाहिली होती. एकाने लांबूनच विचारलं, "साहब, इधर कौन सा माल गाड़ा है?" मी सांगितलं, सुतार आहे. त्याचा विश्वास बसला नाही. तो पुढे रस्त्याची बाजू बदलून जायचा.

कारखानीस साहेबांनी होडीशेजारी उभं राहून फोटो काढला. फोटो ऑफिसात लागला. मला शाबासकीचं पत्र आलं. बोर्डही लागला: 'या स्मारकास रंग, चुना, तेल अथवा अन्य कोणताही पदार्थ लावणे हा दंडनीय अपराध आहे.' त्याच्याखाली बसून पंचनामा केला आणि धर्मा तांडेलची सही घेतली, की यापुढे मी या दगडाला हात लावणार नाही. त्याने एकेक अक्षर काढत सही केली. त्याची बायको जानकीबाय तेवढी बोलली. "उघडी केलीत बिचारीला. आता थंडीवाऱ्यात उभी ऱ्हाईल."

ती उभी राहिली. आठ महिने.

आता हे कसं झालं ते सांगतो. हा दगड वाळूचा. म्हणजे वाळूचे कण, आणि त्यांना धरून ठेवणारा चुन्यासारखा एक नैसर्गिक डिंक. समुद्रावरून खारी हवा येते. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. हवेत आंबटपणा, म्हणजे आम्ल, असला तर तो डिंकच विरघळतो. आपल्या हवेत तो कुठून येतो हे सांगणं माझ्या खात्याचं काम नाही. पण चुन्याचा थर वर असला की आंबट आधी चुना खातं. तेल असलं की खारं पाणी आत शिरत नाही. दरवर्षी चुना मरत होता आणि दगड जगत होता. शंभर वर्षं दगडाऐवजी मार खाणारा तो चुना मी लगदा लावून, बांबूच्या पट्टीने, हळुवारपणे काढून टाकला होता.

किडा लागला होता. फक्त तो मिठाचा होता.

डोलकाठी गेली त्याच दिवशी मी बोईसरच्या पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉलवर इतकं ओरडावं लागे की फोन नसता तरी मुंबईला ऐकू गेलं असतं.

"साहेब, होडी जातेय!"

"कुठे?"

"पिठात!"

"परदेशी रसायन मागवा. दगड घट्ट करणारं."

"किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं. लवकर आलं तर."

"दोन महिन्यांत पाटी कोरी होईल, साहेब. पुन्हा चुना-तेल लावायला परवानगी द्या."



"माझा फोटो आहे त्या दगडाबरोबर," साहेब म्हणाले. "लेखी देणार नाही."

"तोंडी?"

"लाइन खराब आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. लाइन इतकी स्वच्छ होती की फोन ठेवल्याचा आवाज पोस्टातल्या सगळ्यांनी ऐकला.

तसाच नवापूरला परतलो. पौर्णिमा चार दिवसांवर होती. पावसाने उघाड दिली होती आणि किनाऱ्यावर होड्यांची बुडं रंगत होती. एकदा होड्या पाण्यात गेल्या की भांडी धुतली जात. मग वर्षभर कुणाकडे थेंब मिळाला नसता.

"तांडेल," मी म्हटलं, "होडीला चुना-तेल लावायचंय."

"कुठल्या?"

"दगडाच्या."

धर्माने कुंचा खाली ठेवला. "ती सरकारची होडी. बोर्डावर काय लिवलंय, वाचा बघू."

"मीच लिहिलंय ते."

"मंग तुमाला वाचायला सोपं."

आसपासचे सगळे हसले. जानकीबाय होडीच्या पलीकडून म्हणाली, "किडा लागला काय वो, सायेब?"

"लागला."

"दगडाला?"

"दगडाला."

ती हसायची थांबली. उठून आली, पदराला हात पुसले आणि माझ्याबरोबर चर्चच्या आवारात चालू लागली. धर्माही मागून आला. दगडासमोर दोघं उभी राहिली. मधली डोलकाठी नव्हती. मागच्या शिडाला पोपडा सुटला होता. धर्माने बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"माझी सही हाय," तो म्हणाला. "म्हटलंय मी, हात नाय लावणार. तांडेल एकदा बोलला की बोलला. माझ्या शब्दावर माणसं पाण्यात उतरतात, सायेब."

मी पंचनामा फाडून टाकतो म्हणालो. तो नाही म्हणाला. कागद फाटला तरी बोललेलं तसंच राहतं. आणि बोर्ड काढायचा तर तोही मंजुरीशिवाय काढता येत नव्हता. मी त्या बोर्डाखालीच बसलो आणि नियमांचं पुस्तक काढलं.

आमच्या नियमांत एक कलम होतं. संवर्धन सहायक स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या हाताने, कोणत्याही स्मारकावर तळहाताएवढ्या जागेत चाचणी घेऊ शकतो. पदार्थ कुठला, ते कलमात नव्हतं. चाचण्या किती, तेही नव्हतं.

"तांडेल, तुम्ही हात लावू नका," मी म्हटलं. "मी लावतो. तुम्ही सांगा."

धर्माने विचार केला. "सांगायचं नाय, असं कागदात लिवलंय?"

"नाही."

"मंग भांडं आणतो."

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात कधी खाल्ल्या नव्हत्या इतक्या शिव्या खाल्ल्या. धर्मा भांडं धरून बसायचा, जानकीबाय माझा हात बघायची. "कुंचा असा धरतात? भाकरी थापताय काय? कोपऱ्यात घाला, कोपऱ्यात! तिच्या बुडात पाणी शिरंल ना!" मी तळहाताएवढा चौकोन रंगवायचो, वहीत 'चाचणी क्रमांक अमुक' लिहायचो, तारीख टाकायचो, शेजारच्या चौकोनाकडे वळायचो. चाचणी क्रमांक एकोणीसपर्यंत माझा हात बरा झाला, असं जानकीबाय म्हणाली. खात्यात मला मिळालेल्या सगळ्या शेऱ्यांत तो एक मी पाठ केला.

मधल्या डोलकाठीच्या जागी आलो तेव्हा मी खिशातलं पाकीट काढलं. धर्माने ते हातात घेतलं, वरचं नाव मला वाचायला लावलं, आणि पीठ भांड्यात ओतून ढवळलं.

"अवशेष आहे तो," मी म्हणालो.

"तिचंच हाय. तिच्याकडंच जाऊ दे."

सेहेचाळीस चाचण्या झाल्या आणि दगड संपला. मला अंघोळीला सात वेळा बसावं लागलं. घरी जाताना एसटीच्या कंडक्टरने मला टपावर बसायला सांगितलं आणि वर बसलेल्या कोंबड्यांनी तक्रार केली. हे मात्र शब्दशः खरं आहे.

वर्षअखेरीस कारखानीस साहेब तपासणीला आले. आवारात पांढरी ढेप उभी होती. साहेबांनी रुमाल काढला, नाकाला लावला आणि बोर्ड वाचला. मग माझी वही वाचली, क्रमांक एक ते सेहेचाळीस. वाचताना त्यांचा चेहरा जुन्या नोंदवहीसारखा होता, काहीच कळत नव्हतं.

"शिल्प कुठे आहे?"

"आत आहे, साहेब."

"दिसत नाही."

"म्हणूनच आहे."

साहेबांनी वही मिटली. "चाचणीचा निष्कर्ष काय?"

"अजून आला नाही. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा चाचणी घ्यावी लागेल."

"घ्या," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

माझी बदली होईपर्यंत मी दरवर्षी सेहेचाळीस चाचण्या घेतल्या. बदली झाल्यावर माझ्या जागी आलेल्या सहायकाला चार्ज देताना मी वही दिली, कुंचा दिला, आणि त्याला जानकीबायच्या हवाली केलं. पहिल्या दिवशीच त्याला ती म्हणाली, "हातात जोर नाय काय रं?" मला समाधान वाटलं. फायलीत तो प्रयोग अजून चालू आहे आणि निष्कर्ष यायचा आहे.

साहेबांचा फोटो ऑफिसात बरीच वर्षं होता. लोक विचारायचे, ही सुंदर होडी बघायला कुठे मिळेल? मी सांगायचो, मिळणार नाही, ती शाबूत आहे. माझ्या धंद्यात मी एवढंच शिकलो: आपलं काम बघून लोक टाळ्या वाजवायला लागले की आधी दगडावरून हात फिरवून बघावा.