जवाईबापूचा उपास

अकोल्यात कौलखेडकडे मैनाबाई शिरसाटची खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, दोन खोल्या, पुढे पत्र्याचा मांडव, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कृषी विद्यापीठातली तीस-पस्तीस पोरंपोरी. बाहेर पाटीसुद्धा नाही. मैनाबाईचं म्हणणं असं, की माणूस दोनदा हमखास खोटं बोलतो, एकदा वय सांगताना आणि एकदा पोट भरलं म्हणताना. म्हणून ‘बस मावशी, झालं’ म्हणणाऱ्याच्या ताटात ती आणखी एक भाकर टाकते. वजन वाढलं म्हणून एका पोरानं खानावळ बदलली, तर ती आजही त्याच्या नावानं बोटं मोडते. अशा बाईच्या घरी मासा ठेवायचा म्हणजे... पण ते आकांक्षाला कुठून सुचावं!

आकांक्षा अचलपूरची. शेवटच्या वर्षाला. जानेवारीत त्यांच्या वर्गाची बारा दिवसांची अभ्यास सहल निघाली, तेव्हा ती काचेची एक छोटी टाकी पोटाशी धरून मैनाबाईच्या दारात उभी राहिली. टाकीत एकच निळा मासा. त्याची शेपटी त्याच्या अंगापेक्षा मोठी, आणि ऐट शेपटीहून मोठी.

‘‘मावशी, फायटर मासा हाय हा. रूमवरच्या पोरी विसरून जातीन. तुमी कोनालेच उपाशी ठेवत नाई, म्हनून तुमच्यापाशी आनला.’’

‘‘खाते काय हा?’’

आकांक्षानं डबी दाखवली. मोहरीपेक्षा बारीक दाणे. ‘‘सकायी दोन दाने, संध्याकायी दोन. जास्त नाई हो मावशी. त्याचं पोट त्याच्या डोयाएवढंच असते.’’

‘‘बरं बरं, जाय तू,’’ मैनाबाई म्हणाली. पोरगी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की शहाणी पोरगी शेतीचं शिकते, पण खाऊ घालण्यातलं हिला काही कळत नाही. दोन दाणे! मुंगी तरी राहते का दोन दाण्यांवर?

मासा होताही लबाड. मैनाबाई ओट्याशी आली, की तो काचेला नाक लावून हजर. पंख पसरून, शेपटी हलवून असं काही नाचायचा की बघत राहावं. नटूनथटून बसणं, कामधंदा काही नाही, आणि वाढणारी दिसली की मान वर. ‘‘हा त जवाईच हाय,’’ मैनाबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव जवाईबापू पडलं. आता जवाई म्हटल्यावर दोन दाण्यांत भागतं होय? आधी चिमूटभर दाणे गेले. मग उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. मग कणकेच्या इवल्या गोळ्या, कारण लहानपणी पूर्णेच्या डोहात तिनं माशांना तेच टाकलेलं. जवाईबापू सगळं खायचा. ‘‘खाते ना? म्हंजे भूक हाय,’’ असा तिचा हिशेब.

सहाव्या दिवशी सकाळी जवाईबापू नाचला नाही. पाण्याच्या वर आडवा पडला होता. पोट असं टम्म फुगलेलं, की निळा रंग ताणून पांढरट दिसत होता. खाली जायला बघायचा आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा. भाजी फोडणीला टाकायची तशीच ठेवून मैनाबाईनं मासा स्टीलच्या डब्यात पाण्यासकट घेतला, पदराखाली धरला आणि ऑटोत बसली.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ओमप्रकाशचं माशांचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, बोलायला रोखठोक. त्यानं डब्यात वाकून पाहिलं.

‘‘बाई, काय काय खिलवलं याले?’’

मैनाबाईनं एकेक सांगितलं. बलकापर्यंत ओमप्रकाश ऐकत होता, कणकेला मात्र त्यानं कपाळावर हात मारला.

‘‘अवो, हे काय बारसं होतं का? पोट गच्च झालं याचं. थंडीबी हाय, पचन कसं?’’ त्यानं डबा उजेडात धरून मासा नीट बघितला. ‘‘खवले अजून उभे नाई झाले. ते झाले असते त मी हातच जोडले असते. आता आयका. पानी कमी ठेवा, म्हंजे श्वास घ्याले त्याले वर चढा लागनार नाई. ऊब द्या. अन् चार दिवस काही देऊ नका.’’

‘‘काहीच नाई?’’

‘‘एक दानाबी नाई. तो मांगन, काचेपाशी येऊन मांगन, तरी नाई. पोट साफ झालं त जगला. माया करून दाना टाकला, त गेला.’’

मैनाबाई दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. ओमप्रकाशला वाटलं बाईला चक्कर आली, तो पाणी घ्यायला धावला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

‘काही देऊ नका’ हे तिनं अकरा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तिचा नवरा देवराव जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाच्या गाठी उचलून पाठ दगडासारखी झालेला माणूस, पण एक दिवस पोट धरून जो आडवा झाला तो झालाच. सरकारी दवाखान्यात नेलं. आतडी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, उद्या ऑपरेशन, तोवर तोंडावाटे काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. देवराव दिवसभर मागत राहिला. आधी पाणी मागितलं, मग गरम वरण मागितलं. मैनाबाई ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसत होती आणि नाही म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावरच तो गेला.

घरी आणलं तेव्हा त्याची मोठी बहीण, मूर्तिजापूरची तानुबाई, भरल्या अंगणात म्हणाली, ‘‘माह्या भावाले हिनं उपाशी मारलं. पान्याचा घोट देल्ला नाई.’’

महिन्याभरात मैनाबाईनं खानावळ काढली. नवरा गेल्यावर बाईला हातपाय हलवावेच लागतात, असं लोक म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण भाकर उलटताना तिला रोज ते वाक्य ऐकू यायचं, हे लोकांना माहीत नव्हतं. तेव्हापासून तिच्यानं कुणाला ‘नाही’ म्हणवत नव्हतं. आणि आता एका बोटभर माशाला चार दिवस ‘नाही’ म्हणायचं होतं. तो मेला तर तानुबाईचं वाक्य खरं ठरणार होतं, निदान मैनाबाईपुरतं तरी.

तिनं आधी आकांक्षाला फोन केला. लपवाछपवी तिला जमत नाही. ‘‘पोरी, माह्या हातानं बिघडलं तुह्या माशाचं,’’ म्हणाली. पलीकडे आकांक्षा रडली, मग नाक ओढत म्हणाली, ‘‘दुकानवाले काका म्हनतात तसंच करा मावशी. देऊ नका काही.’’

त्या घराला उपासाची सवय नव्हती. सासऱ्यानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि चतुर्थ्या-एकादश्या त्या दिवशीच सोडल्या. वस्तीतल्या काही बाया पौर्णिमेला उपोसथ धरायच्या, मैनाबाई त्यालाही लांबूनच हात जोडायची. ‘‘आमच्या मागच्या पिढ्यायनं लय केले उपास, न धरता,’’ असं म्हणायची. तर अशा घरात पहिला उपास घडला तो जवाईबापूला.

पहिला दिवस कसातरी गेला. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं शिळं पाणी तिनं टाकीत चार बोटं भरलं. टाकीभोवती जुनी शाल गुंडाळली आणि वर दिवा लावला. दुसऱ्या दिवशी जवाईबापू आडव्याचा तिरपा झाला, आणि तसाच तिरपा काचेपाशी आला. शेपटी हलवून मागू लागला. मैनाबाईनं तोंड फिरवलं. टाकी तिनं ओट्यावरून आतल्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवली, तर तिथंही दर अर्ध्या तासानं स्वतःच जाऊन बघायची. पोरांच्या वरणात दोनदा मीठ पडलं. ‘‘मावशी, आज वरन समुद्रातून आनलं का?’’ म्हणून पोरं चिडवायला लागली. तिचं स्वतःचं जेवणही थांबलं. ताट वाढून घ्यायची, बसायची आणि झाकून ठेवायची. त्याला नाही तर मला कसं जाईल, एवढंच तिच्या डोक्यात.

आणि तिसऱ्या दिवशी, बघा नशीब, मूर्तिजापूरहून तानुबाई आली! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळा तपासायला अकोल्याला आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, काठी टेकत, काळा चष्मा लावून. येणंजाणं तुटलं नव्हतं. मैनाबाई तिला अक्का म्हणायची, तिचं सगळं करायची. पण अकरा वर्षांत दोघींनी देवरावचं नाव एकमेकींसमोर घेतलं नव्हतं.

दुपारी आतल्या खोलीत मैनाबाईनं तिला ताट दिलं. तानुबाईनं चष्मा काढला आणि तिला मासा दिसला. काचेला तोंड लावून मागत होता.

‘‘हा भुकेला दिसते वं. याले काहून देत नाई काही?’’

‘‘पोट बिघडलं त्याचं, अक्का. उपाशी ठेवाले सांगतलं.’’

‘‘कवापासून?’’

‘‘तीन दिस झाले.’’

तानुबाईनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं. ‘‘तुले बरं जमते वं हे,’’ म्हणाली. आणि ताटातल्या भाकरीचा तुकडा चुरून तिनं हात टाकीवर नेला.

मैनाबाईनं तिचं मनगट धरलं. आयुष्यात कधी नणंदेपुढं आवाज चढवला नव्हता तिनं, पण त्या दिवशी चढला.

‘‘हात मांगं घ्या अक्का! घ्या म्हन्तो ना!’’ तिनं मनगट सोडलं नाही. ‘‘त्या दिवशी मले नव्हतं का द्यावं वाटत? त्यायनं मले हात जोडले, अक्का. नवऱ्यानं बायकोले हात जोडले, दोन घोट वरनासाठी. मी देल्लं नाई. मले वाटलं आज उपाशी राहतीन त उद्या जगतीन. मी त्यायले मारून नव्हती रायली. मी वाचवून रायली होती त्यायले.’’

तानुबाईनं हात मागे घेतला. चुरलेली भाकर तिनं ताटात टाकली, ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवली नाहीच. संध्याकाळीही नको म्हणाली. म्हणजे आता त्या घरात तिघं उपाशी.

चौथ्या दिवशी सकाळी मैनाबाई मांडवात पोरांना पोहे देत होती, आणि आतून तानुबाईची हाक आली.

‘‘मैने! अवं मैने, पयत ये!’’

मैनाबाईच्या हातातला झारा खाली पडला. ती धावली ती मासा मेलाच असं धरून. आत तानुबाई नव्या डोळ्यानं टाकीत बघत वाकली होती, चष्माबिष्मा काही नाही. तळाशी करड्या रंगाची दोऱ्यासारखी घाण पडली होती, चांगली बोटाच्या पेराएवढी. जवाईबापूचं पोट उतरलं होतं. तो खाली गेला, तळाला टेकला, थोडा कलून का होईना पण आपल्या बळावर वर आला.

‘‘केली वं त्यानं! मी पाह्यली करतांनी!’’ तानुबाई म्हणाली.

मैनाबाईनं फोन उचलला. सहलीच्या बसमध्ये आकांक्षा झोपेत होती. ‘‘हागला वं पोरी, हागला!’’ मैनाबाई इतक्या मोठ्यानं ओरडली की मांडवातल्या एका पोराला पोह्यांचा ठसका लागला, आणि बाकीचे टाळ्या पिटायला लागले.

ओमप्रकाशला विचारून संध्याकाळी एक दाणा दिला. एकच. जवाईबापूनं तो गिळला आणि आणखी मागितला. मैनाबाईनं डबीचं झाकण घट्ट लावलं. मासा अजून डावीकडे कलूनच पोहत होता. तो असा कलता राहिला तरी जगेल, असं ओमप्रकाश म्हणाला होता.

मग तिनं दोन ताटं वाढली. दोघी समोरासमोर बसल्या. तानुबाईनं भाकर मोडली, वरणात घातली, पण खाल्ली नाही.

‘‘मैने,’’ ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी मी दवाखान्यात असती ना, त मी देल्लं असतं. दोन घोट काय, वाटीभर देल्लं असतं. अन् तो माह्या हातानं गेला असता.’’

मैनाबाईनं हातातला घास ताटात ठेवला.

‘‘मले हे तवाच समजत होतं वं. पन भाऊ गेला होता माहा. कोनाले तरी बोला लागत होतं, त तुले बोलली.’’

मैनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच, ताटासमोर, मोठ्यानं रडली. देवराव गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा आपल्याला रडायचा हक्कच नाही, असं तिला वाटलं होतं.