द्राक्षांची साखर

इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवलोच नाही, हा मूर्खपणा सर्वस्वी माझा. द्राक्षांचं खोकं उघडलं की अजून आठवतं. विंचूरजवळच्या पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांची साखर मोजायचो; स्वतःची मात्र नोकरी जाईल म्हणून लपवलेली. त्या दुपारी कंटेनर भरायच्या घाईत डबा तसाच राहिला. घाम फुटला, हात थरथरले, मीटरवरचे आकडे नाचायला लागले. पॅकिंगच्या मावशींनी मला खाली बसवून तोंडात द्राक्षं कोंबली. जरा तरतरी येताच मी पुटपुटलो, "मावशी, मला शुगर आहे. कुणाला सांगू नका." "समद्यांना ठाऊक हाय, भाऊ," त्या म्हणाल्या, "दोन सीझन द्राक्षांत राहून एक मणी तोंडात न टाकणारा माणूस शुगरवाला असतो, नायतर येडा. तुम्ही तर दोन्ही निघालात."